एक पान जास्तीचं

१८८० साली एका डच पाद्र्यानं आपल्या थोरल्या मुलाबद्दल एक कठोर निर्णय जवळजवळ घेतलाच होता. मुलाचं कुठेच बस्तान बसत नव्हतं. चित्रं विकणाऱ्या पेढीतली नोकरी गेली, मास्तरकी सुटली, पुस्तकांच्या दुकानात मन रमलं नाही. खाणकामगारांच्या वस्तीत धर्मोपदेशक म्हणून गेला, तर स्वतःचे कपडेसुद्धा वाटून टाकून फाटक्या अवस्थेत राहू लागला, आणि तिथूनही त्याला काढलं. घरच्यांची खात्री पटली की हे काहीतरी डोक्याचं आहे. वडिलांनी ठरवलं, याला बेल्जियममधल्या घेल या गावी ठेवायचं. मुलानं निकराचा विरोध केला आणि बेत बारगळला. त्या मुलाचं नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग.

नऊ वर्षांनी फ्रान्समधल्या आर्ल शहरात त्याला वेडाचे झटके येऊ लागले, तेव्हा सुमारे तीस रहिवाशांनी मिळून महापौरांकडे अर्ज केला की या माणसाला मोकळा ठेवू नका. शेजार ही माणसाला सांभाळणारी गोष्ट असते असं आपण धरून चालतो. आर्लच्या शेजारानं त्याला कोंडण्याची मागणी केली. व्हिन्सेंट घेलला गेला असता तर बरा झाला असता का, हे कुणीच सांगू शकत नाही. पण तिथे त्याच्या वाट्याला भिंती आल्या नसत्या. एखाद्या शेतकऱ्याच्या घरात माडीवरची खोली आणि त्या कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची मिळाली असती. कारण घेलमध्ये मनोरुग्णांना अशीच जागा मिळत आली आहे, आणि तीही गेली किमान सहाशे वर्षं.

राजकन्या आणि नाणी

घेल हे अँटवर्प प्रांतातलं, केंपन नावाच्या रेताड, कोरड्या मुलखातलं गाव. आज लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास. त्याची कथा सुरू होते डिम्फना नावाच्या आयरिश राजकन्येपासून. काळ सातव्या शतकातला सांगतात. आई वारली आणि बाप दुःखानं वेडापिसा झाला. तिच्यासारखीच दुसरी राणी हवी म्हणून शोध सुरू झाला आणि बापाची नजर अखेर पोटच्या मुलीवरच गेली. डिम्फना आपल्या वृद्ध धर्मगुरूबरोबर समुद्र ओलांडून पळाली आणि घेलच्या रानात लपली. वाटेत खाणावळींमध्ये दिलेल्या परदेशी नाण्यांवरून तिचा माग लागला. बाप येऊन थडकला, मुलीनं परत यायला नकार दिला आणि त्यानं स्वतःच्या हातानं तिचा शिरच्छेद केला.

ही कथा कागदावर आली तेराव्या शतकात, एका फ्रेंच धर्मगुरूच्या लेखणीतून, आणि तीही तोंडोतोंडी चालत आलेल्या गोष्टींवरून. इतिहास म्हणून ती कितपत टिकेल, हा प्रश्न बाजूला ठेवू. लोकमानसाला तिच्यात जे दिसलं ते महत्त्वाचं. वेडानं पिसाळलेल्या बापापुढे ही मुलगी नमली नाही, म्हणजे वेडावर हिची सत्ता चालते. डिम्फना वेड्यांची संत झाली आणि तिच्या थडग्याकडे युरोपभरातून लोक आपापल्या घरची ‘बिघडलेली’ माणसं घेऊन येऊ लागले.

खोली अपुरी पडली

संत डिम्फनाच्या चर्चला लागून आजाऱ्यांसाठी खास खोल्या बांधलेल्या होत्या. तिथे नऊ दिवसांचं अनुष्ठान चाले. प्रार्थना, अनवाणी प्रदक्षिणा, संताच्या समाधीखालून सरपटत जाणं. अनावर माणसांच्या पायात बेड्या असत. गाणगापूर किंवा नृसिंहवाडी पाहिलेल्या मराठी वाचकाला यातलं काहीच फार परकं वाटणार नाही.

नऊ दिवसांत गुण आला तर माणूस घरी जाई. नाही आला तर आणखी नऊ दिवस. पण गर्दी वाढली तशा खोल्या अपुऱ्या पडू लागल्या. मग चर्चच्या मंडळींनी आसपासच्या घरांमध्ये सोय लावायला सुरुवात केली. पाळी येईपर्यंत हा तुमच्याकडे राहू दे, त्याच्या जेवणाखाण्याचे पैसे मिळतील, असा तो व्यवहार. जमीन रेताड, उत्पन्न बेताचं, त्यामुळे शेतकऱ्यालाही दोन पैसे आणि दोन हात हवेच होते. पाळी यायला कधी आठवडे लागत, कधी महिने. अनुष्ठान संपूनही काहींना न्यायला कुणी येतच नसे. असे लोक मग त्याच घरात राहिले.

म्हणजे घेलचा चमत्कार कुणी योजून घडवला नाही. तो गैरसोयीतून उभा राहिला. जागा पुरेना म्हणून वेडा माणूस देवळातून घरात आला, आणि घराला त्याची सवय झाली.

या सवयीची परीक्षा अठराव्या शतकाच्या अखेरीस झाली. फ्रेंच क्रांतीच्या फौजांनी बेल्जियम व्यापला आणि धर्मसंस्थांवर कुऱ्हाड आली. डिम्फनाचं चर्च आणि आजाऱ्यांच्या खोल्या बंद पडल्या. अनुष्ठान नाही, धर्मगुरू नाहीत, संताचं दार बंद. तर्कानं पाहिलं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण घरं चालू राहिली. उलट १८०३ मध्ये ब्रसेल्सच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं शहरातल्या आश्रमात कोंडलेले मनोरुग्ण घेलला पाठवले, कारण तिथे त्यांचे हाल कमी होत होते. श्रद्धेनं जे दार उघडलं होतं ते श्रद्धेची वास्तू बंद पडल्यावरही मिटलं नाही. माझ्या मते घेलच्या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत बोलकी गोष्ट आहे.

फ्रान्सचे नामांकित मनोविकारतज्ज्ञ एस्किरॉल १८२१ मध्ये हा प्रकार पाहून गेले. त्यानंतर दशकानुदशकं युरोपातल्या डॉक्टरांमध्ये घेलवर वाद रंगला. एकांना ते उद्याचं रुग्णालय वाटे, दुसऱ्यांना मध्ययुगाचा उरलेला तुकडा. १८५२ मध्ये बेल्जियम सरकारनं कारभार हाती घेतला. १८६२ मध्ये छोटं रुग्णालय उभं राहिलं. नवा माणूस आधी तिथे काही दिवस राही, डॉक्टर त्याला पारखत, आणि मग त्याला साजेसं घर शोधलं जाई. १९३८ च्या सुमारास रुग्णांची संख्या शिखरावर होती. तेव्हा घेलच्या घरांमध्ये ३,७०० हून अधिक मनोरुग्ण राहत होते.

‘जेवायला असणारा’

या माणसांना घेलचे लोक काय म्हणतात? रुग्ण नाही, वेडा नाही. त्यांचा शब्द आहे ‘कोस्टगँगर’. ‘कोस्ट’ म्हणजे जेवणखाण, ‘गँगर’ म्हणजे जाणारा. आपल्या भाषेत सांगायचं तर अमक्याच्या घरी जेवायला असणारा. आपल्याकडे पुण्या-कोल्हापुरात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्या मुलाची ओळख त्याच्या गरिबीवरून होत नसे, तो ‘आपल्याकडचा सोमवारचा मुलगा’ असे. कोस्टगँगर हा शब्द त्याच जातीचा. त्यात आजाराचं नाव नाही, नातं आहे.

हे नुसतं शब्दांचं सौजन्य नव्हे. रुग्ण घरी पाठवताना त्याच्या आजाराचं वैद्यकीय नाव यजमानांना सांगायचं नाही, अशीच घेलची रीत. हा रात्री उशिरा झोपतो, याला गर्दी सोसत नाही, एवढं कळलं की पुरे. बाकीचं घर आपल्या अनुभवानं शिकतं.

ते कसं शिकतं, याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. १९७० च्या दशकात एलेन बॅक्स्टर नावाची अमेरिकन तरुणी घेल समजून घ्यायला तिथे जाऊन राहिली. तिच्या पाहण्यातल्या एका घरचा कोस्टगँगर रोज आपल्या शर्टाची बटणं पिळून पिळून तोडायचा. घरची बाई रोज संध्याकाळी सुईदोरा घेऊन ती पुन्हा लावायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बॅक्स्टरनं तिला सुचवलं, मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्यानं शिवा, म्हणजे तुटणारच नाहीत. त्या बाईला ही सूचना अगदीच चुकीची वाटली. त्या माणसाला दिवसभर बटणं पिळायची गरज होती. दोरा पक्का केला तर त्यानं करायचं काय?

दुसऱ्या एका घरातल्या माणसाला भिंतींतून सिंह येताना दिसत. घरच्या बाईनं सिंह नाहीतच असा वाद घातला नाही. ती उठायची आणि ते हाकलून लावल्याचं नाटक करायची. सिंह गेले की माणूस शांत.

मनोविकाराच्या पुस्तकात या दोन्ही कृती कुठे बसतील, यावर तज्ज्ञ वाद घालू शकतील. पण दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. दुरुस्तीची घाई नाही. समोरचा माणूस आज आहे तसा मान्य आहे, आणि उद्याही तो तसाच असेल तर बटणं उद्याही लावली जातील. रुग्णालयात नेहमी एक प्रश्न हवेत असतो: बरं कधी वाटेल? घेलच्या घरात तो प्रश्नच कुणी विचारत नाही. काही कोस्टगँगर एकाच घरी पन्नास-पन्नास वर्षं राहिले. यजमान म्हातारे होऊन गेले की त्यांच्या मुलानं किंवा मुलीनं घराबरोबर त्यांचीही जबाबदारी उचलली.

परकं घर का मानवतं?

या सगळ्याचं कोडं एका ठिकाणी आहे. स्वतःच्या घरी जो माणूस टिकत नाही तो परक्या घरी कसा टिकतो?

याचं एक उत्तर विसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या संशोधनातून मिळतं. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन आणि पुढे क्रिस्टीन व्हॉन, ज्युलियन लेफ यांनी स्किझोफ्रेनियाचे रुग्ण रुग्णालयातून घरी गेल्यावर काय होतं ते तपासलं. ज्या घरांत टोमणे, राग किंवा काळजीपोटी सतत मागे लागणं जास्त, त्या घरांतल्या रुग्णांचा आजार उलटण्याचं प्रमाण लक्षणीय जास्त निघालं. यात कुणा आईबापाला दोष द्यायचा नाही. मुलगा इंजिनियर होणार अशी स्वप्नं पाहिलेली असतात. तो खिडकीत बसून पुटपुटताना दिसला की जीव तुटतो, आणि तो तुटलेला जीव मग बोलून जातो. घेलच्या यजमानाकडे हे ओझं नसतं. त्यानं या माणसाला पूर्वी कधी वेगळा पाहिलेलाच नाही. त्याच्या लेखी काही मोडलेलं नाही. माया असते, पण अपेक्षाभंग नसतो.

दुसरं उत्तर कामाचं. शेतीच्या घरात सगळ्यांना झेपेल असं काहीतरी काम असतंच. कोंबड्यांना दाणे टाकणं, बटाटे सोलणं, घरच्या पोराला शाळेत सोडणं. बळजबरी नसते, पण ‘तू नसलास तर हे कोण करणार’ एवढं वजन त्या कामाला असतं.

तिसरं उत्तर गावाचं. गुत्तेवाल्याला ठाऊक असतं कुणाला दुसरा पेला द्यायचा नाही. रस्त्यात कुणी स्वतःशी मोठ्यानं बोलत चालला तर लहान मूलही थबकत नाही, कारण त्याच्या आजोबांच्या घरी तसा एकजण होता. पिढ्यान्‌पिढ्या झालेलं हे प्रशिक्षण कुठल्या अभ्यासक्रमात मावत नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या लिओ स्रोल यांनी १९६६ पासून जवळजवळ दहा वर्षं घेलचा अभ्यास चालवला, तो याच कुतूहलापोटी.

पण एवढंच सांगून थांबलं तर ते घेलचं कौतुक होईल, वर्णन नाही. या घरांच्या पाठीशी पक्कं रुग्णालय आहे. परिचारिका नेमानं घरी येतात. माणूस अनावर झाला तर त्याला तात्पुरतं रुग्णालयात हलवतात आणि शांत झाल्यावर परत पाठवतात. घातक वाटणारी माणसं मुळात घरी दिलीच जात नाहीत. शिवाय हा व्यवहार होता, आणि व्यवहारात लबाडीही आली. फुकटचा गडी म्हणून राबवून घेणारे यजमान घेलमध्येही होऊन गेले. सरकारी देखरेख आली त्याचं हेही एक कारण. आपुलकी तिथे होती, पण तिच्यावर कुणाची तरी नजरही होती, म्हणून ती टिकली.

राजकन्या पूर्वेलाही होती

घेल एकमेव नाही. जपानमध्ये क्योटोजवळच्या इवाकुरा गावी अगदी अशीच गोष्ट घडली. अकराव्या शतकातल्या एका सम्राटाच्या आजारी मुलीला दाइउन्जी मंदिराच्या झऱ्याच्या पाण्यानं गुण आला, अशी तिथली कथा. मग रुग्ण येऊ लागले, मंदिरापाशी चहाच्या दुकानांत आणि शेतकऱ्यांच्या घरी राहू लागले. युरोप पाहून आलेल्या जपानी डॉक्टरांनी पुढे त्याला ‘जपानचं घेल’ म्हटलं. दोन टोकांच्या दोन धर्मांत क्रम एकच: दुखावलेली राजकन्या, देवस्थान, गर्दी, आणि मग गावातली घरं.

आपल्याकडे देवस्थान आणि गर्दी या पायऱ्या जागोजाग आहेत. बुलढाणा जिल्ह्यातलं सैलानी, गाणगापूर, हाजी मलंग. चौथी पायरी मात्र क्वचित चढली गेली. ती न चढल्याची किंमत काय, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीला दिसलं. दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका खाजगी आश्रमाला आग लागली. तिथल्या मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवलेलं होतं. २८ जणांचा जीव गेला. रुग्णाला साखळीनं बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं गुन्हा ठरलं आहे.

त्याच तामिळनाडूतला दुसरा दाखला २००२ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आहे. बंगळुरूच्या डॉक्टरांनी मुथुस्वामी या देवस्थानात राहायला आलेल्या ३१ रुग्णांची नोंद ठेवली. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामात त्यांची लक्षणं सुमारे २० टक्क्यांनी उतरली. तिथे मंत्रतंत्र नव्हते. घरचं एक माणूस सोबतीला, आणि दिवसभर देवळातली झाडलोट, झाडांना पाणी घालणं, पूजेच्या वेळी हजर राहणं. अभ्यास छोटा आहे, औषधाला तो पर्याय ठरत नाही. पण एरवाडी आणि मुथुस्वामी दोन्हीकडे श्रद्धा होतीच. फरक पडला तो माणसाला बांधलं की सोबत घेतलं, यानं.

आणि आपल्या भाषेच्या अगदी मुळाशी एक गाव आहे. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर, तेरावं शतक, म्हणजे डिम्फनाची कथा लिहिली जात होती तोच काळ. तिथले श्रीगोविंदप्रभू महानुभाव पंथीयांना परमेश्वर. पण परक्याच्या डोळ्यांना त्यांचं वागणं वेडाचं वाटावं असंच. कुणाच्याही घरात शिरावं, हवं ते मागून खावं, मध्येच हसावं, रागवावं, निर्जीव वस्तूंशी बोलावं. म्हाइंभटांनी नोंदवलेल्या त्यांच्या लीळा वाचताना डोळ्यांत भरतं ते गाव. बायका त्यांच्यासाठी ताट काढून ठेवतात, गाऱ्हाणं घेऊन आधी त्यांच्याकडेच जातात, त्यांना आईच्या आणि बापाच्या जागी मानतात. त्यामागे देवत्वाचा भाव असेलही, पण ‘असं’ वागणारा माणूस गावाच्या मधोमध कसा राहू शकतो, याचं चित्र मराठी गद्यानं आपल्या पहिल्याच पावलांत काढून ठेवलं आहे.

त्या मनोवृत्तीची धुगधुगी अगदी परवापर्यंत होती. अनेकांच्या आजोळी असा एखादा काका असे: लग्न न झालेला, जरा ‘साधा’, विहिरीचं पाणी भरणारा, पोरांना खांद्यावर घेऊन जत्रेला नेणारा. तसाच एखादा माडीवर कोंडलेलाही असे, हेही विसरून चालणार नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आज दोघांनाही जागा नाही.

म्हणून आता नव्या रीती शोधाव्या लागताहेत. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवलं. सरकारी केंद्रांतल्या नैराश्याच्या रुग्णांना त्याचा चांगला फायदा झाल्याचं २०१० मध्ये ‘लॅन्सेट’नं छापलं. चेन्नईच्या ‘द बॅनियन’नं वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात अडकलेल्या बायकांना चार-पाचजणींच्या गटानं साध्या वस्तीत भाड्याचं घर करून दिलं. शेजारी हळद मागायला येतो, सणाचं ताट इकडून तिकडे जातं. घेल उचलून आणता येत नाही, पण घराची ओढ इथेही कामी येते.

खुद्द घेलमध्येही दिवस बदललेत. शेती यंत्रांवर गेली, बायका नोकरीला बाहेर पडल्या, औषधं सुधारली, आणि बेल्जियममध्ये इतर ठिकाणीही सोयी झाल्या. हजारांची संख्या आता शेकड्यांवर उतरली आहे. २०२३ मध्ये युनेस्कोनं घेलच्या या परंपरेची नोंद वारसा जतन करण्याच्या चांगल्या प्रथांमध्ये केली. एखाद्या गोष्टीला वारसा म्हणायची वेळ येते तेव्हा ती कमी होत चाललेली असते.

तरी घेलमध्ये अजून काही घरं आहेत जिथे संध्याकाळी टेबलावर एक पान जास्तीचं मांडलं जातं. ते मांडणाऱ्या बाईला यात श्रद्धा आहे की सेवा, असं कुणी विचारलंच, तर बहुधा तिला प्रश्न कळणार नाही. तो जेवायला असतो, म्हणून पान मांडायचं.